सुभेदारांच्या नावाचा दगड

"हरसूलच्या पुढं सगळे खड्डेच, उगाच आणलंस," म्हातारे सुभेदार गाडीत कुरकुरत होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते नाशकातच राहिले. आपण आदिवासी, हे त्यांनी घरात कधी सांगितलंच नाही. नात पल्लवीनंच खटपट करून त्यांचा पाडा शोधला होता.

पाड्याबाहेर, मेलेल्यांच्या नावानं रोवलेल्या दगडांत, एक त्यांच्याही नावाचा निघाला. त्यांची धाकटी बहीण त्याला शेंदूर लावत होती.

"लढाईत मेलो असं वाटलं होय तुम्हाला?" आजोबांचा चेहरा एकदम हलका झालेला पल्लवीनं पाहिला. "तरीच कुणी शोधत आलं नाही."



"नाशकातलं तुझं घर ठाव होतं, दादा," बहीण म्हणाली. "लढाईत गेला, असं मीच आयेला सांगितलं. पोराला तिची लाज वाटते, हे कोणत्या तोंडानं सांगू?"