लांबून दिसेल असा

सेल्समननं नेहमीच्या उत्साहात काउंटरवर सगळं दुकान मांडलं. हा कानात घालायचा, हा कानावर टेकणारा, हा अख्खा कान झाकणारा. ह्यात बाहेरचा आवाज अजिबात येत नाही, ह्यात थोडाफार येतो, म्हणून रस्त्यावर हा बरा.

समोरच्या काकांनी एकेक हेडफोन हातात घेऊन परत ठेवला. "मुलीसाठी हवाय. सायकलवरून कॉलेजला जाते. ह्यातला लांबून कुठला दिसेल?"

सेल्समननं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. आजकाल गाण्यापेक्षा मिरवण्याचीच हौस! त्यानं कपाटातून एक भलामोठा, भडक केशरी हेडफोन काढला. काकांनी तो त्याच्याच डोक्यावर चढवला, त्याला पाठमोरं उभं केलं आणि स्वतः पार दारापर्यंत मागे जाऊन बघितलं.

"हाच द्या."

"अहो, आवाज तरी ऐकून बघा," डोक्यावरून हेडफोन काढत सेल्समन म्हणाला. "आणि खरं सांगू का काका, सायकलवर हे नकोच. मागून कुणी हॉर्न दिला तर पोरीला ऐकू कसा येणार?"

"तिला जन्मापासूनच ऐकू येत नाही," काका म्हणाले. "लोक हॉर्न देतात आणि धरून चालतात, की ती बाजूला होईल. दोनदा पडलीये. आता हा दिसला, की शिव्या घालतील. पण आधी ब्रेक दाबतील."