परतीचं भाडं

"पाकिटावर बत्तीसशे, कॉम्प्युटरवर सोळाशे." होणाऱ्या सासऱ्यांनी मी विकलेली रॅम माझ्याच दुकानाच्या काउंटरवर आपटली. "अर्धा स्पीड तुम्ही खाल्लात. रविवारचा साखरपुडा मोडला."

त्यांचे सहा ट्रक होते आणि मुलगी एकच, म्हणून मी शांतपणे समजावलं. "मामा, सोळाशे हा आतल्या घड्याळाचा वेग. पण रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते, ठोका चढताना एकदा, उतरताना एकदा. म्हणून पाकिटावर दुप्पट."

"म्हणजे मुंबईला कांदा न्यायचा आणि येताना खत भरून आणायचं?"

"अगदी. फेरी एक, भाडी दोन."

ते निवळले. मी चहा सांगितला, तेवढ्यात ते पुन्हा लाल झाले.

"मग रविवारी तुमची बस येणार आणि रिकामी परत जाणार?"

"रिकामी कुठे मामा? आमची पन्नास माणसं असतील की."

"नवरी नाही म्हणजे रिकामीच." त्यांनी भटजींना फोन लावला. "गुरुजी, साखरपुड्यातच लग्न उरकून टाका. रिकामी गाडी परत नेणाऱ्याला मी मुलगी देत नसतो."