काल की उद्या

“कल,” एवढेच ऐकू आले आणि फोन तुटला.

चंद्रशेखरने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. समुद्रापलीकडच्या, युद्धाने पोखरलेल्या शहरात म्हातारा लियाकत बंद पडलेल्या भारतीय दूतावासाची राखण करीत होता. त्याचा फोन दिवसातून एकदाच लागे. दूतावासाचे उरलेले कामकाज दीड वर्षापासून दुबईतल्या या दोन खोल्यांतून चाले. आवाज खरखरत होता, म्हणून चंद्रशेखरने मोजक्याच शब्दांत विचारले होते, “एअरपोर्ट रोड साफ? कब?”

हिंदीत गेलेला दिवसही कल आणि येणाराही कल. रस्त्यातले सुरुंग काल निघाले असतील, तर वाट मोकळी होती. उद्या निघायचे असतील, तर ते अजून मातीखाली जागे होते.

समोर रुपेश बॅग घेऊन उभा होता. दुपारच्या मालवाहू विमानात एकच जागा होती. आज कोणी तिथे जाऊन पदभार घेतला नाही, तर दूतावास कायमचा बंद होणार होता. मग तिथे अडकलेल्या चारशे कामगारांना परतीचे कागद देणारे कोणीच उरणार नव्हते.

टेबलावर नावांची यादी होती, तळाचा भाग नेहमीसारखा आत दुमडलेला. पहिल्या अकरा नावांपुढे ‘अनिच्छुक’ असा शेरा होता. कुणाच्या आईचा गुडघा, कुणाच्या मुलीची दहावी, कुणाचा स्वतःचा रक्तदाब. बारावे नाव रुपेशचे. त्यापुढे त्याने शाळकरी वळणाच्या अक्षरांत ‘इच्छुक’ लिहिले होते.

“काय म्हणाले लियाकतचाचा?”

चंद्रशेखरने खिडकीबाहेर पाहिले. ऊन इतके पांढरे होते, की समोरच्या इमारतीही पुसट झाल्या होत्या.

“रस्ता साफ झालाय. काल.”

शब्द फार सहज निघाला. त्या सहजपणाचीच त्याला भीती वाटली.

“मग सुटलो,” रुपेश हसला. “अल नहदाहून इथे यायला आज दीड तास ट्रॅफिकमध्ये बसलोय, साहेब. तिथे निदान रोड तरी रिकामा मिळेल.” त्याने बॅगेच्या वरच्या कप्प्यात एक डबी सरकवली. “चाचांचा चष्मा फुटलाय ना, म्हणून नवा घेतला. फ्रेम माझ्या सान्वीने निवडली. म्हणते, ‘बाबा, ब्लू वन. ही विल लाइक इट.’ यल्ला, निघतो.”

तो दारापर्यंत पोहोचला.

“रुपेश, थांब.”

चंद्रशेखर खुर्चीतून उठला. “तो फक्त ‘कल’ म्हणाला. काल की उद्या, मला माहीत नाही.”

रुपेशने बॅग हळूच खाली ठेवली.

“मग मला ‘काल’ का सांगितलंत, साहेब?”

चंद्रशेखरने यादीची घडी उलगडली. दुमडून दुमडून कागद तिथे विरला होता. तिथे तेरावे, शेवटचे नाव त्याचे स्वतःचे होते.

त्यापुढे त्याने ‘इच्छुक’ लिहिले, आणि चष्म्याच्या डबीसाठी हात पुढे केला.