बाकी सगळं सारखं

“काका, आता इकडेही शिंका.”

संभाजीकाका नाक पुसत उभे राहिले. पहिल्या पातेल्याजवळ शिंक आली ती आपसूक. दुसऱ्याजवळ मागून कशी येणार? पातेल्यांवर तर झाकणंही होती. पण सृष्टी हटेना. आठवीच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं होतं, प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. शेवटी काकांनी बिचाऱ्यांनी नाकात कागदाची सुरळी घातली आणि शिंकले.

प्रश्न दह्याचा होता. धायरीतल्या त्या घरात कुणाच्या हातचं दही चांगलं, यावरून सृष्टीची आई चंपा आणि मोठ्या काकू प्रेमला या दोन जावांमध्ये कायम धुसफुस. न्यायाधीश आजोबा, म्हणजे आप्पासाहेब. रोज दोघींच्या वाट्या पुढे ओढायचे आणि एकीचं दही आंबट ठरवायचे. कधी हिचं, कधी तिचं. गेल्या आठवड्यात काकूंचं आंबट ठरलं, आई जरा हसली, आणि दोघींचं बोलणंच बंद झालं. आता वरच्या मजल्यावर वेगळं स्वयंपाकघर निघणार होतं. गवंडीसुद्धा ठरला होता.

सृष्टीला हे परवडणारं नव्हतं. आई स्वभावाने लाख चांगली, पण तिच्या हातच्या डब्याकडे वर्गात कुणी ढुंकून बघत नसे. सृष्टीची शाळेतली सगळी वट काकूंच्या मटकीवर उभी होती. शिवाय दोघी भांडत नव्हत्या, तर घर कसं दवाखान्यासारखं वाटत होतं.

म्हणून प्रयोग. दूध एकाच पिशवीतलं. विरजण एकच. पातेली जुळी. बाबांचा मफलर मधोमध कापून दोन्ही पातेल्यांना गुंडाळला. “अगं, तो माझ्या लग्नातला...” एवढंच बाबा म्हणू शकले. दोघींनी एकाच साबणाने हात धुतले आणि आळीपाळीने एकाच फरशीवर उभं राहून विरजण लावलं. लावताना आई गुणगुणली, म्हणून काकूंनाही तेच गाणं गुणगुणावं लागलं. दातओठ खात गुणगुणल्या. बदलला तो फक्त हात.

सकाळी दोन्ही पातेल्यांत घट्ट कवडी दही लागलं. आप्पासाहेब मिशा पुसून टेबलाशी बसले. दोघी जावा दोन दारांत उभ्या, जणू बोर्डाचा निकाल लागणार होता. वाट्या भरता भरता सृष्टीला बाईंचं आणखी एक वाक्य आठवलं, की वजन करण्याआधी तराजू तपासावा. ती क्षणभर थांबली. मग वाट्या भरून बाहेर घेऊन आली.

आप्पासाहेबांनी पहिल्या वाटीत चमचा घातला आणि तोंड वाकडं केलं. “आंबट! दात आंबले माझे.”

मग दुसरी वाटी. “आहाहा! ह्याला म्हणायचं दही. साखर नको, काय नको.”

“कुणाचं?” दोघींनी एकदमच विचारलं. सृष्टीला.

“दोन्ही वाट्या आईच्या पातेल्यातल्या आहेत,” सृष्टी म्हणाली.

दोघी दारं सोडून टेबलाशी आल्या.

“म्हणजे बघा ना!” सृष्टीला आता राहवेना. “हात तोच, दही तेच, वाट्यासुद्धा सारख्याच. तरी एक आंबट, एक गोड! मग बदललं काय?”

सगळ्यांच्या माना आप्पासाहेबांकडे वळल्या. त्यांनी शांतपणे दुसरी वाटी चाटूनपुसून खाली ठेवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“पोरी, एकीला आंबट म्हणलं की दुसऱ्या दिशी ती साय घालून दही लावती. मग दुसरी म्हणती, मी काय कमी हाय? तीबी साय घालती. आपल्याला दोन वाट्या फर्स्टक्लास! दोघींना चांगलं म्हणलं असतं, तर माझ्या ताटात साय कुणी घातली असती?”

काकू सावकाश आईकडे वळल्या.

“चंपा, उद्यापासून आप्पांना ताक.”

“पाणी किती घालू, ताई?”

“वाटीचा तळ दिसेल इतकं.”