खालून फोडलेला डबा

शालिग्रामनं डबा उलटा केला आणि खिशातला अडकित्ता काढला.

"काहून फोडता जी?" खाटेवरून पंचफुला म्हणाली. तिचा खुबा मोडला होता. पायाला वजन टांगलेलं, त्यामुळे मान तेवढी वळवता येत होती. "डाक्टरीनबाईनं उघडू नका म्हनलं ना!"

"म्हनलं म्हनूनच त फोडून राह्यलो. ज्याच्या मालात खोट नाही, तो कायले झाकून ठेवते?"

डब्यात नवऱ्यानं बायकोसाठी आणलेला खुब्याचा कृत्रिम सांधा होता. दुपारी तो तिच्या मांडीत बसवायचा होता. दुसऱ्याच्या हातून आलेल्या मालावर इसवास नको, म्हणून केनवडचा हा गडी स्वतः अकोल्याच्या दुकानात जाऊन तो घेऊन आला होता. तरी त्याच्या जीवाला चैन नव्हतं. दुकानदार फार गोड बोलला होता. वाशीमच्या या दवाखान्यातला कंपाउंडर डबा पाहून हसला होता. आता यात हसण्यासारखं काय होतं, सांगा!

वरच्या सीलला त्यानं हात लावला नाही. एका साली सोयाबीन उगवलंच नव्हतं, आणि तक्रार घेऊन गेला तर साहेब म्हणाला, थैलीवरचा टॅग कुठाय? तेव्हापासून बियाण्याची थैली तो खालूनच फोडायचा. वरची शिलाई, टॅग, सगळं पुराव्याला जागच्या जागी. डबाही त्यानं तसाच फोडला. आत प्लास्टिक, त्याच्या आत पुन्हा प्लास्टिक. तेही खालून फाडलं.

हातात आली वीतभर धातूची दांडी. तिच्यावर पांढरट, खरखरीत थर. डॉक्टर सुकेशनींनी काल सांगितलंच होतं, याच्यावर लेप असतो, हाडाला चांगला असतो. तेव्हापासून तो लेप शालिग्रामला कुसळासारखा टोचत होता. लेप म्हणजे मुलामा, दुसरं काय? आणि मुलामा कशावर चढवतात, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मुलाम्याच्या मालाची त्याला चांगलीच पारख होती. ती कुठून आली, ते मात्र त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही.

अडकित्त्याच्या पात्यानं तो खरडायला लागला. पांढरी भुकटी पायजम्यावर पडली. खालून चकचकीत, गुळगुळीत धातू निघाला.

"पकडलं! पाह्य, पंचफुले! वरून फासलं अन् आत हे!"

पंचफुलानं डोळे मिटून घेतले. कळ आली होती, का नवऱ्याकडे पाहवत नव्हतं, देव जाणे.

तेवढ्यात डॉक्टर सुकेशनी आल्या. दारातच थांबल्या.

"काका, हे काय केलं?"

"म्या काय केलं? तुमी काय करून राह्यल्या, ते सांगा! आमाले चुना लावता?" त्यानं दांडी त्यांच्यापुढे धरली. दुसऱ्या हातात डबा, वरचं सील शाबूत. पुरावा पक्का होता.

सुकेशनीबाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"चुन्यासारखंच आहे ते. हाड ज्याचं बनतं, त्याचाच लेप आहे. काका, हाडात बारीक जिवंत पेशी असतात. त्या या खरखरीत थराला आपलं मानतात. त्यावर बसतात, वाढतात, नवं हाड घालतात. मग हाड सांध्याला धरतं. गुळगुळीत फरशीवर वेल चढतो का? तसं असतं ते. उघड्या, गुळगुळीत धातूवर त्या पेशींचा जम बसत नाही. सांधा आतल्या आत हलत राहतो आणि माणसाला चालू देत नाही."

"पन आत त वेगळंच निघालं ना?"

"आत धातूच असतो. खोटं काही नव्हतं." त्यांनी फाटकं प्लास्टिक उचललं आणि परत ठेवलं. "आता लेपही गेला आणि बाहेरचा हातही लागला. हे काकूंच्या अंगात घालता येणार नाही. दुसरा आणा. आजचं ऑपरेशन होत नाही. तोवर काकूंना कळ काढावी लागेल, आणि पडून राहणं त्यांना चांगलं नाही."

त्या गेल्या. शालिग्राम उभाच होता. आयुष्यभर त्यानं चोर धरायला सापळे लावले, आणि आज सापडलं कोण? तर हिचा मोडका पाय.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मले वाटलं, फसवून राह्यले."

उशाखाली हात घालून पंचफुलानं रुमालाची गाठ बाहेर काढली आणि सोडली. ऑपरेशनच्या आधी नर्सनं तिच्या गळ्यातली पोत काढायला लावली होती. काळे मणी, मधे दोन वाट्या. लग्नात त्यानंच घातलेली.

"हे तुमच्यापाशी ठेवा."

"राहू दे तुह्यापाशी. सोन्याची हाय, कोनाच्या हाती..."

"पितळ हाय जी आतून," ती शांतपणे म्हणाली. "पह्यल्या दिवाळीले माहेरी गेली, तवाच सोनारानं सांगतलं."

शालिग्रामनं मिटवायला घेतलेला अडकित्ता खाली पडला. वॉर्डातल्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

"मंग... बोलली काहून नाही?"

"तवाच खरडत बसली असती, त आपलं कायी धरलं असतं काय?" तिनं पोत त्याच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. "जा आता, अकोल्याची गाडी चुकन. अन् आपरेशन झालं का हेच घालजा माह्या गळ्यात. बदलून आनू नका."