काज-बटणाची गाणी

“हं काका, आता ते वाक्य म्हणा,” साबण कंपनीची मुलगी म्हणाली, आणि मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

वाक्य आठवेना. समोर स्टँडवर फोन उभा होता, शिलाईच्या दुकानातले सगळे दिवे लागले होते आणि नवा शर्ट घातलेले मास्तर कटिंगच्या टेबलाला टेकून उभे होते. कंपनीची यंदाची स्पर्धा सुरू व्हायची होती, तिच्या जाहिरातीसाठी गेल्या वर्षीचा विजेता हवा होता.

“घाबरू नका. तुम्हीच तर लिहिलंय ना?” मुलगी म्हणाली.

तिथंच तर सगळी गोम होती. गेल्या वर्षी साबणाच्या पुड्यावर छापलं होतं, ‘मला गाणी हवीत, कारण...’ आणि पुढचं आपण जुळवून फोनवरून पाठवायचं होतं. मास्तरांनी दिवसभर डोकं खाजवलं. सुरांचा सागर झाला, आत्म्याची भूक झाली, एकही धड जमेना. शेवटी शेजारी बटणं लावत बसलेल्या बायकोनं दातानं दोरा तोडला आणि सहज एक वाक्य म्हटलं. मास्तरांनी ते जसंच्या तसं पाठवून दिलं, खाली नाव मात्र स्वतःचं घातलं. नवरा-बायकोत माझं-तुझं कसलं, असं तेव्हा वाटलं होतं. मग पहिलं बक्षीस लागलं. जो तो येऊन ‘मास्तर, काय सुचलंय तुम्हाला!’ म्हणू लागला, तेव्हा ‘अहो, ते हिचं आहे’ म्हणायचं राहून गेलं. एकदा राहिलं ते राहिलंच.

बक्षीस मात्र मनासारखं होतं. तळहाताएवढा प्लेअर आणि वर्षभर हवी तितकी गाणी फुकट उतरवून घ्यायची मुभा. मास्तर गाण्यांच्या हात धुऊन मागे लागले. लहानपणी लोकांच्या खिडक्यांखाली उभं राहून अर्धीमुर्धी ऐकलेली गाणी त्यांनी एकेक करून हुडकून काढली. चुकीची नावं दुरुस्त केली, गाण्यापुढे गायकाचा फोटो लावला, एकाच गाण्याच्या दोन प्रती निघाल्या तर खरखरणारी काढून टाकली. फळीवरचा जुना रेडिओ भंगारात गेला. त्याचं आता काय काम? गिऱ्हाइकांना मास्तरांच्या खांद्यावर थाप मारावी लागे, मग ते इअरफोन काढून ‘हं, कंबर किती म्हणालात?’ असं विचारत.

एवढी गाणी तोंडपाठ, आणि ते एक वाक्य नेमकं आठवू नये!

त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती मांडीवर कुणाचा तरी कोट घेऊन बाकावर बसली होती. आता ही खरं बोलणार, असं मास्तरांना वाटलं. बोलली असती तरी तिचं काय चुकलं असतं? जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

“अहो, असं काय करता?” बायको कोटावरची नजर न काढता म्हणाली. “‘कारण गाणं लागलेलं असलं की न बोलताही सोबत होते’, असंच लिहिलं होतंत ना तुम्ही?”

‘तुम्ही’ या शब्दावर तिनं जरासुद्धा जोर दिला नाही. तिनं टोमणा मारला असता तर मास्तरांना परवडलं असतं.

त्यांनी वाक्य म्हटलं. मुलगी म्हणाली, “वा! अंगावर काटा आला हो. पुन्हा एकदा, थोडं हसून.” मास्तरांनी हसून म्हटलं. गिऱ्हाइकाचं कापड कापून स्वतःला शर्ट शिवावा आणि वर तो त्यालाच दाखवावा, तशी त्यांची गत झाली. ही मुलगी गेली की बायकोची माफी मागायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. वाक्य ढापलं, हे सरळ कबूल करून टाकायचं. नुसतं ठरवल्यानंही त्यांना थोडं हलकं वाटलं.

मुलीनं आता प्लेअर हातात घेतला आणि गाण्यांचे कप्पे चाळू लागली. “कटिंग, सरळ शिलाई, इस्त्री, काज-बटण... ही काय नावं काका?”

मास्तर खुलले. इथं सगळं त्यांचं स्वतःचं होतं. “कामाप्रमाणं लावलीत. कटिंगला ठेक्याची गाणी, हात भरभर चालतो. काज-बटणाचं काम सावकाशीचं, नजर ठरावी लागते, म्हणून तिथं संथ. फार निवडून घेतलीत ती.”

“आणि काज-बटणं कोण करतं?”

“ही. दुकान काढल्यापासून हीच करते.”

“अय्या, म्हणजे ही काकूंची गाणी!” मुलीनं फोन स्टँडसकट बाकाकडे वळवला. “मग काकू, यातलं तुमचं सगळ्यात आवडतं गाणं कुठलं?”

बायको सुईत दोरा ओवत होती. तो ओवून झाल्यावर तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, की रुसवाही नव्हता.

“मला कसं ठाऊक असणार गं?” ती म्हणाली. “ती तर यांच्या कानात असतात.”