आवाजाचा पंप

"हाही नको. ह्याचा आवाजच येत नाही," मास्तर म्हणाले.

दुकानदाराने बटण बंद केलं. सकाळपासून हा तिसरा पंप. पहिला पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणून नको. दुसरा शेजाऱ्याला चाहूलही लागू न देणारा, म्हणून नको. तीस वर्षं लोक आवाजाच्या नावाने बोटं मोडत दुकानात यायचे. आवाज कमी पडतो म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

टेबलावर मास्तरांनी पोत्यातून आणलेला जुना पंप पडला होता. आतलं सील जळून कोळसा झालं होतं. ते बघून दुकानदाराचा पारा मघाशीच चढला होता.

"कोरडा चालवलाय हा. विहिरीत पाणी आहे का बघून बटण दाबायचं, एवढं तरी? जन्मभर पोरांना शिकवलंत तुम्ही."

मास्तरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

त्यांची बायको अंथरुणाला खिळली आहे, हे दुकानदाराला ठाऊक होतं. परसातल्या त्या विहिरीवर तिचा भारी जीव. खोदताना मजुरांच्या बरोबरीने तिने मातीची घमेली वाहिली होती. पाणी लागलं तेव्हा अख्ख्या गल्लीला बोलावून पेला पेला पाजलं होतं. तीन दिवस पंप वाजला नाही, तर तिने पाणी तोंडाला लावायचं सोडलं होतं. "विहीर गेली का हो?" एवढंच विचारत होती. हे मास्तरांनीच मघाशी सांगितलं होतं.

दुकानदार नरमला. "मग हा घ्या. पाणी संपलं की आपोआप बंद पडतो. जळायची भीती नाही."

"तो तर मुळीच नको."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. मग शिडी लावून वरच्या फळीवरचा जुन्या घडणीचा एक अवजड पंप उतरवला. बटण दाबताच दुकानभर घरघर सुरू झाली. डब्यातले नट-बोल्ट थरथरले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"हाच द्या. हा तिच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल."

"पाइप किती फूट देऊ?"

"पाइप नको."

"अहो, मग पाणी काय हवेतून चढणार?"

मास्तर जळक्या पंपावर हात ठेवून नुसते उभे राहिले. दुकानदाराने त्या हाताकडे पाहिलं, मग कोळसा झालेल्या सीलकडे.

"विहीर कधी आटली?"

"दोन महिने झाले. मी नळावरून बादल्या आणतो, तिच्या नकळत. पंप तेवढा रोज सकाळी पाच मिनिटं लावतो. तो वाजला की ती घोटभर पिते."

मघाशी आपण काय काय बोललो ते आठवून दुकानदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी धंद्यातलं खरं ते सांगणं भाग होतं.

"मास्तर, असा कोरडा चालवलात तर हाही जळणार. महिन्याच्या वर टिकायचा नाही."

"पुष्कळ झाला," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांनी पंधराच दिवस सांगितलेत."